उत्सव सरल्यावर

सण कसा साजरा करावा हे सांगणारे ग्रंथ उदंड आहेत. सण सरल्यावर त्याच्या सामग्रीचे काय करावे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आमच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो 2024 च्या जानेवारीत, तळोज्यातील आमच्या इमारतीच्या कचराकुंडीपाशी. 6 जानेवारीस तीन राजांचा सण झाला की ख्रिस्ती घरांतील नाताळची आरास उतरते. आमच्या शेजाऱ्यांनी युरोपातील सूचिपर्णी वृक्षाच्या जागी आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणून सजविली होती. पंधरा दिवस जिच्याभोवती मुले बागडली, ती आता कुंडीबाहेर आडवी पडली होती. तिला टेकूनच एक प्लास्टिकची पिशवी होती. ती आमच्या घरची. मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेचा झेंडू, शेवंती आणि कलशातील डहाळ्या तिच्यात बांधलेल्या होत्या. नदीवर जावयास सवड न मिळाल्याने ती तेथे आली होती.

खरे सांगावयाचे तर नदीवर नेऊनही आम्ही काही पुण्यकर्म करीत नव्हतो. कित्येक वर्षे अशा पिशव्या आम्ही कासाडीच्या पुलावरून खाली सोडल्या आणि त्यास विसर्जन म्हटले. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याची कुत्री कारखान्यातील रंगाने निळी झालेली साऱ्या जगाने पाहिली. त्यावेळी आम्हीही कारखानदारांवर संतापलो होतो. आपल्या हातची पिशवी मात्र तेव्हा आम्हांस आठवली नाही.

विसर्जन आणि सर्जन हे दोन्ही शब्द ‘सृज्’ या एकाच धातूपासून झाले आहेत. सोडणे आणि निर्माण करणे हे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. आपण पहिला अर्थ धरून बसलो आणि दुसरा विसरलो. मग निर्माल्याचे खत करावे, असे आम्ही घरी सुचविताच आमच्या मातोश्रींनी विचारले, “देवाची फुले कुजवावयाची?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. उपयोग संपताच वस्तूविषयीचा आदरही संपावा काय, असेच त्या विचारीत होत्या. परंतु पाण्यातही फुले कुजतातच. फक्त ती आपल्या दृष्टीआड कुजतात, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन माशांचा जीव घेतात. तेव्हा कुजवावे की न कुजवावे हा प्रश्नच नव्हे. कोठे कुजवावे आणि कोणाच्या कल्याणासाठी, हा खरा प्रश्न आहे. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा वडिलांचा आग्रह होता. खड्ड्यात ते पायदळी येत नाही. कुंडीत मात्र येते, आणि सफाई कामगाराच्या उघड्या हातांनाही लागते.

शेजाऱ्यांशी बोलून आम्ही इमारतीमागे एक खड्डा खणला. सुरूची सुईसारखी पाती कोरडी, नत्राने दरिद्री. एकटी ठेवली तर वर्षानुवर्षे तशीच राहतात. फुले ओली, एकटी साचविली तर त्यांना दुर्गंधी सुटते. खतास कार्बनाचे सुमारे तीस भाग आणि नत्राचा एक, असे प्रमाण मानवते. म्हणून फांदीचे बारीक तुकडे केले, फुलांचा व डहाळ्यांचा थर आणि तुकड्यांचा थर असे आलटूनपालटून घातले, माती पसरली, ओल राखली आणि वारा लागावा म्हणून आठवड्यास ढीग उलथला. आरंभी ढिगातून वाफा निघत, त्या पाहावयास मातोश्रीही येऊन उभ्या राहत. पावसाळ्याच्या तोंडावर काळी, भुसभुशीत माती हाती आली. तिला पावसाच्या पहिल्या सरीचा वास होता. अर्धी आमच्या तुळशीस गेली, अर्धी शेजाऱ्यांच्या गुलाबास.

चाळणीत मात्र काही उरले. सुरूच्या जाड काटक्या पुढील ढिगासाठी परत टाकल्या. पण हारांचा प्लास्टिकचा दोरा आणि फांदीवरची चकचकीत जर जशीच्या तशी होती. आम्ही ती वेचून काढावयास विसरलो होतो, आणि मातीने ती स्वीकारली नव्हती. दोन्ही घरांचे मिळून ते मूठभरच होते.

ती मूठ हाती घेऊन आम्हांस एवढे कळले की वस्तूविषयीचे आपले कर्तव्य उत्सव सरल्यावर सुरू होत नाही. ते बाजारात, ती विकत घेतानाच सुरू होते. पुढच्या मार्गशीर्षात मातोश्रींनी फुलवाल्यास सुती दोऱ्यातच हार ओवावयास सांगितले. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.