दुसऱ्या नावाची निवड

अमेरिकेच्या निवडणुकीत मतदार एकाच खुणेने दोन माणसे निवडतो. राष्ट्राध्यक्षाला एक मत आणि उपराष्ट्राध्यक्षाला दुसरे, अशी सोय तिथे नाही. पहिल्या नावासाठी महिनोन्‌महिने प्राथमिक फेऱ्या, वादविवाद, सभा चालतात. दुसरे नाव, म्हणजे रनिंग मेट, आता उमेदवार स्वतःच ठरवतो, बहुधा काही आठवड्यांत आणि मोजक्या विश्वासू माणसांशी बोलून. आजवर आठ राष्ट्राध्यक्ष पदावर असताना वारले आणि आठही वेळा उरलेला कार्यकाळ या दुसऱ्या माणसाने चालवला. आपल्याकडे उपराष्ट्रपती फक्त काळजीवाहू असतात, कारण सहा महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावीच लागते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेले तेव्हा तसेच झाले. अमेरिकेत मात्र उपराष्ट्राध्यक्ष थेट गादीवर बसतो, तीन-तीन वर्षांसाठीसुद्धा.

एवढे असूनही ही निवड मतांच्या हिशेबाने होते. उत्तरेचा उमेदवार असेल तर जोडीला दक्षिणेचा शोधायचा, वयस्कर असेल तर तरुण. त्यात कुणाला गैर वाटत नाही. मला वाटते, आणि त्याचे कारण १८६४ आहे.

यादवी युद्ध चालू होते आणि लिंकन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन मेनचे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पण मेनची मते तशीही मिळणारच होती. बाल्टिमोरच्या अधिवेशनात हॅम्लिन यांना बाजूला करून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन यांना घेण्यात आले. यात लिंकन यांचा स्वतःचा हात किती होता, यावर इतिहासकारांत एकमत नाही. हिशेब मात्र उघड होता. जॉन्सन विरोधी पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅट होते, दक्षिणेचे होते, आणि फुटून निघालेल्या राज्यांच्या सेनेटरांपैकी संघाशी इमान राखून जागा न सोडणारे ते एकटेच. तिकिटाकडे पाहून देश एक असल्याचे दिसावे, यासाठी याहून चांगला माणूस मिळाला नसता.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधी झाला. ४२ दिवसांनी लिंकन गेले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या सुमारे ४० लाख काळ्या माणसांचे भवितव्य जॉन्सन यांच्या हाती आले. संघ टिकावा हे त्यांना मनापासून हवे होते. काळ्यांना बरोबरीचे हक्क मिळावेत हे अजिबात नको होते. त्यांनी बंडखोरांना सढळ हाताने माफी दिली. दक्षिणेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी मुक्त मजुरांना पुन्हा जखडणारे कायदे केले, तेव्हा ते गप्प राहिले. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला. तो काँग्रेसला मोडून काढावा लागला. १८६८ च्या महाभियोगातून ते एका मताने वाचले. बाल्टिमोरमध्ये जमलेल्यांना जॉन्सन यांचे हे विचार शोधून काढावे लागले नसते. उद्या हाच माणूस राज्य करू लागला तर काय, हे तिथे कुणी विचारले नाही, आणि त्याची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.

ऐंशी वर्षांनी, १९४४ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्यांना निदान हा प्रश्न पडला. रूझवेल्ट यांची प्रकृती त्यांना डोळ्यांनी दिसत होती. हेन्री वॉलेस यांना वगळून ट्रूमन यांना पुढे करताना आपण बहुधा पुढचा राष्ट्राध्यक्षच निवडतो आहोत, हे ते ओळखून होते. ती निवड मी चांगली मानतो. पण निवडल्यावर खुद्द रूझवेल्ट यांनी ट्रूमन यांना जवळ केले नाही. ८२ दिवस ट्रूमन उपराष्ट्राध्यक्ष होते आणि अणुबाँब तयार होतो आहे हे त्यांना सांगितले गेले नव्हते. युद्धमंत्री स्टिमसन यांनी त्याचा पहिला उल्लेख केला तो १२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी, शपथ झाल्यावर.

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत सेनेटर टॉमस ईगलटन यांचे नाव घेतले. नैराश्यासाठी त्यांनी रुग्णालयात विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे नंतर बाहेर आले आणि अठरा दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. ईगलटन यांच्यावर तेव्हा अन्याय झाला असे माझे मत आहे. पुढे १९८७ पर्यंत त्यांनी सेनेटमध्ये काम केले. त्या प्रकरणानंतर छाननी कडक झाली. आता प्राप्तिकराची विवरणपत्रे, आजारपणे, जुनी भाषणे, सगळे उकरले जाते. पण ती छाननी मुख्यतः लपवलेले काही आहे का, हे शोधते. राज्य चालवण्याची कुवत त्यातून कळत नाही. कार्टर यांनी १९७६ मध्ये इच्छुकांना प्लेन्सच्या घरी बोलावून त्यांच्याशी सविस्तर बोलणी केली, मॉन्डेल यांना निवडले आणि निवडून आल्यावर त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये खोली दिली. वारसाला कामात घेण्याची ही रीत तिथून रुळली, आणि ती मोलाची आहे.

तरी मतदाराचा प्रश्न उरतोच. मुदतीच्या मधे उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले, तर १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे नव्या नावाला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. १९७३ मध्ये जेराल्ड फोर्ड यांना तशी उलटतपासणी सोसावी लागली. निवडणुकीच्या वेळी मात्र अधिवेशनातली मंजुरी हा केवळ उपचार असतो.

१९७६ च्या रिपब्लिकन अधिवेशनात यावर एक उपाय मतदानाला आला होता. रेगन यांनी आपल्या रनिंग मेटचे नाव, रिचर्ड श्वायकर, आधीच जाहीर केले होते. उमेदवारी ठरण्याआधी प्रत्येक इच्छुकाने तसे करावे, असा नियम त्यांच्या गटाने मांडला. उमेदवारीच्या लढतीतले प्रतिस्पर्धी फोर्ड यांना अडचणीत आणण्याचा त्यांचा हेतू होता. नियम १,०६९ विरुद्ध १,१८० मतांनी पडला. चारच वर्षांनी रेगन यांनीच डेट्रॉइटच्या अधिवेशनात, फोर्ड यांच्याशी बोलणी फिसकटल्यावर, काही तासांत बुश यांचे नाव ठरवले. पुढच्या मार्चमध्ये रेगन यांना गोळी लागली.

त्या नियमावर एक आक्षेप वजनदार आहे: नाव आधी बांधून घेतले तर जिंकणाऱ्याला हरलेल्याशी समेट करता येत नाही. केनेडी यांना १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांना घेता आले नसते, आणि नागरी हक्कांच्या १९६४ च्या कायद्यामागे त्या जॉन्सन यांचीच ताकद होती. हे नुकसान खरे आहे. तरीही मी त्या नियमाच्या बाजूने मत दिले असते. समेटासाठी मंत्रिमंडळातली पदे असतात. राष्ट्राध्यक्षाच्या जागी बसू शकणारा माणूस मतदारांनी प्राथमिक फेऱ्यांतच, नाकारायला वाव असताना, पाहिलेला असावा.