गोडाचा दिवस आणि गोडाची सनद

गोड खाण्याची इच्छा मनुष्याने कोणत्याही काळी फारशी लपविलेली नाही. परंतु त्या इच्छेला आवर घालण्याची साधने मात्र प्रत्येक काळाने आपापल्या स्वभावाप्रमाणे निवडली, आणि ती साधने न्याहाळली म्हणजे त्या काळाचा स्वभाव त्याच्या पंचपक्वान्नांच्या यादीपेक्षाही अधिक स्पष्ट कळतो. अलीकडे शहरांतल्या, आणि आता नंदुरबार-शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावांतल्याही, काही घरांतून सकाळच्या न्याहारीस 'बेक्ड ओट्स' नावाचा पदार्थ होऊ लागला आहे. रूपाने तो केक, नावाने पथ्य आणि चवीने मिष्टान्न; हे तीन अधिकार एकाच पदार्थाकडे एकवटलेले पाहून त्याची थोडी चौकशी करावी असे मला वाटले.

कृती सोपी आहे. अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम ओट्स मिक्सरमधून बारीक करावयाचे. त्यात सालीवर काळे ठिपके पडलेले एक केळे कुस्करावयाचे (केळ्यांच्या बाबतीत शहादे आणि तळोदे या तालुक्यांना परक्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही). मग एक अंडे, अथवा ज्या घरी अंडे वर्ज्य असेल तेथे दोन-तीन चमचे आंबट दही, थोडे दूध, चिमूटभर मीठ आणि सर्वांत शेवटी पाव चमचा खाण्याचा सोडा. दह्यातील आम्लाची आणि सोड्याची गाठ पडली की कर्बवायू सुटू लागतो, पिठाच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येऊन फुटतात, आणि त्या क्षणापासून विलंब चालत नाही. कारण सुटलेला वायू पिठात कोंडला गेला तरच पदार्थ हलका होतो, गप्पांत वेळ दवडला तर त्याची वडी होते. भट्टी असेल तर १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात. नसेल तर कुकरच्या तळाशी जाड मिठाचा थर पसरून, त्याची शिट्टी आणि रिंग काढून ठेवून, मंद आचेवर तेच काम थोड्या अधिक वेळात होते. मधोमध सुरी खुपसली आणि ती कोरडी बाहेर आली म्हणजे झाले.

येथवर पदार्थ निरुपद्रवी आहे; त्याचे खरे चातुर्य पुढे आहे. परदेशी गृहिणी त्यात चॉकलेटचा तुकडा दडवितात, किंवा गाजराच्या केकची, इटलीतील तिरामिसूची चव आणतात. आमच्याकडील चतुर सुनेने त्यात पुरण आणले. शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, गुळाचा खडा, वेलदोडा, जायफळ. आणि वर, पदार्थ निवल्यावर, केशर घातलेल्या चक्क्याचा एक हात. कुकरचे झाकण उघडताच जायफळाचा जो ऊन दर्वळ स्वयंपाकघरात पसरतो त्याने खानदेशी माणसाला आखाजी आठवल्यावाचून राहत नाही.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, उल्लेख मी केवळ वासाच्या ओघात केला नाही. त्या दिवशी खानदेशात जी पुरणपोळी होते ती तव्यावरची नव्हे, खापरावरची. चुलीवर मातीचे खापर पालथे घालावयाचे, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलीत, कोपरापर्यंत ताणीत, ती इतकी मोठी व पातळ करावयाची की तिच्यातून पलीकडचा हात दिसावा, आणि मग ती एका डौलात त्या तप्त खापरावर टाकावयाची. हे कौशल्य एका दिवसात येत नाही आणि एकटीने होत नाही. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आमरसाची पातेली भरलेली असतात. आणि त्या दिवशी किती पोळ्या खाव्या याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. हिशेब ठेवण्याचे कारणही नसते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा येणार हे ठरलेलेच असते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती भाकरी पोषणशास्त्राचे एकही प्रकरण न वाचता तृणधान्याला कडधान्याची जोड देत आली आहे.

तात्पर्य, जुन्या व्यवस्थेत गोडाला दिवस होता. आवर घालण्याचे काम पंचांगाकडे सोपविलेले होते, आणि पंचांग मोठे निःपक्षपाती असते. ते पोळीला पौष्टिक म्हणवून घ्यावयास लावीत नाही. पोळी गोड आहे, आज ती खावयाची आहे, उद्या नाही, एवढाच त्याचा हुकूम. (या व्यवस्थेत ज्यांच्या घरी सणालाही गूळ नव्हता त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे, आवर आणि अभाव यांतील भेद भरल्या पोटाच्या लेखकांना सहसा दिसत नाही.) नव्या काळाने पंचांग मोडीत काढले. आता मिष्टान्न रोज हवे, सकाळी हवे. पण रोज सकाळी मिष्टान्न खाण्याची मनास लाज वाटते. म्हणून त्या पदार्थाला एक सनद मिळवून देण्यात आली, आणि ती सनद म्हणजे आरोग्य.

ही सनद बनावट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू असतो. तो पाण्यात चिकट होतो, पोटात अन्नाची गती मंद करतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल काही अंशी उतरवितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली हे मान्य करून ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापण्यास परवानगी दिली. परंतु सनदेतील कलमे कोणी वाचीत नाही. दिवसास ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेले पाहिजे, तेही संपृक्त चरबी कमी असलेल्या आहाराबरोबर, असे तेथे म्हटलेले आहे. आपल्या अर्ध्या वाटीत त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. शिवाय अखंड दाण्याचे जे गुण गायिले जातात ते मिक्सरमध्ये त्याचे पीठ झाले की पुष्कळसे उणावतात, कारण बारीक झालेले धान्य लवकर पचते आणि रक्तातील साखर लवकर चढते. आणि गूळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली आहारातील मोकळ्या साखरेची मर्यादा घालून दिली, आणि ती दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमपर्यंत उतरविणे अधिक हिताचे असे सुचविले. त्या हिशेबात गुळाला कसलीही माफी नाही. न्याहारीच्या एका वाटीत २० ग्रॅमचा खडा पडला की दिवसाचा बहुतेक शिधा सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीच संपला. सनद खरी असली तरी ती ओट्सच्या नावावर आहे आणि तिचा उपभोग पुरण घेत आहे. महसुली भाषेत बोलावयाचे तर हे बेनामी वहिवाटीचे प्रकरण आहे.

ओट्सचा स्वतःचा इतिहासही मौजेचा आहे. आपल्या देशात जई या नावाने हे धान्य पूर्वीपासून ठाऊक आहे, परंतु मुख्यत्वे वैरण म्हणून. अठराव्या शतकात डॉक्टर जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात या धान्याची व्याख्या करताना, इंग्लंडात जे घोड्यांस घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, अशा आशयाचा चिमटा काढून ठेवला आहे. शहादे तालुक्यात, तापीकाठी सारंगखेड्यास, एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि तिच्यातील घोड्यांचा बाजार दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. त्या बाजारात जईचे नाव निघाले तर ते कोणाच्या दाण्यासाठी निघेल हे सांगावयास नको. आज तेच धान्य, बव्हंशी ऑस्ट्रेलियातून जहाजाने येऊन, वाफवून आणि चपटे करून, चकचकीत पाकिटातून त्याच तालुक्यातल्या फडताळात दाखल झाले आहे. याबद्दल त्या धान्याला उणे म्हणण्याचे कारण नाही. बटाटा, मिरची आणि शेंगदाणाही परदेशांतूनच आले, आणि मिरचीने तर नंदुरबारच्या बाजारपेठेला कीर्ती मिळवून दिली.

पण त्याच जिल्ह्यात, चांदसैलीचा घाट चढून धडगावला किंवा देवगोईचा घाट चढून मोलगीला गेले म्हणजे आरोग्य या शब्दाचे वजन बदलते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा काढलेला हा जिल्हा नकाशावर एक आहे. भुकेच्या दृष्टीने ते दोन मुलूख आहेत. सपाटीवरच्या माणसास आपले अन्न कमी कसे करावे याची विवंचना, आणि सातपुड्याच्या अक्राणी-अक्कलकुव्यातील आईस आपल्या लेकराचे वजन वाढावे कसे याची. शासनाने २०१५ साली आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळच्या चौरस आहाराची योजना अमृत आहार या नावाने सुरू केली आणि पुढे अंगणवाडीतील बालकांस आठवड्यातून ४ वेळा अंडे, किंवा जे अंडे खात नाहीत त्यांस केळे, देण्याची तजवीज केली. अंडे आणि केळे! आपल्या पथ्याच्या केकातील तीच ही दोन जिन्नसे. एका घरी ती ओट्सला सांधून धरण्यासाठी येतात, दुसऱ्या घरी सरकारी योजनेतील नोंद होऊन येतात. याउपर यावर काही लिहावे असे मला वाटत नाही.

सातपुड्यातही गोड होते आणि आहे, व त्यालाही दिवस होता. फरक इतकाच की तो दिवस झाड ठरवीत असे. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रीतून खाली पडतात आणि उजाडण्याच्या सुमारास बाया-पोरे टोपल्या घेऊन ती वेचावयास निघतात. वाळविलेले फूल वर्षभर टिकते. भाजून, कुटून, पिठात मिसळून ते खाल्ले जाते. निसर्गाने पदरात टाकलेल्या या साखरेला आरोग्याची सनद कोणी दिली नाही. उलट तिच्यावर अबकारीचा पहारा बसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचा सारा कारभार मक्तेदारांच्या आणि सरकारच्या हाती नेला, आणि १८९२ च्या कायद्याने, प्रथम ठाणे-कुलाबा भागात, मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. कारण त्या फुलाची दारू होते एवढेच सरकारच्या दप्तराला ठाऊक होते, त्याचे अन्न होते हे नव्हते. स्वतंत्र राज्यातही मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर बंधने राहिली आणि ती उठावयास २०२१ साल उजाडावे लागले. एका धान्याला परदेशी प्रशासनाने पाकिटावर दावा छापू दिला, आणि दुसऱ्या फुलाला शतकाहून अधिक काळ परवान्यावाचून कोठारात जागा मिळाली नाही. सनदा कोणास मिळतात हा प्रश्न गुणांपेक्षा पत्त्यावर अधिक अवलंबून असतो, असे यावरून कोणी म्हटले तर त्याला मी अडविणार नाही.

आता भगर. मोलगीची भगर खानदेशात नावाजलेली आहे. सातपुड्याच्या उतारावर बर्टी, राळा, मोर यांसारखी बारीक दाण्याची धान्ये पावसाच्या पाण्यावर येतात. खत-पाण्याचा त्यांचा हट्ट नसतो. याहामोगी देवीच्या, म्हणजे देवमोगरेच्या, चरणी महाशिवरात्रीच्या यात्रेत धान्य वाहणारा हा समाज धान्याला देवतेचाच प्रसाद मानीत आला आहे. तरीही ही पिके मागे पडली, आणि त्याचे कारण केवळ आपल्या अभिरुचीत शोधणे अन्यायाचे होईल. या दाण्याचे टरफल चिवट असते. ते उतरविण्यासाठी बायकांना पहाटे उठून उखळ-मुसळाशी झगडावे लागे. स्वस्त धान्याच्या दुकानातून सोललेले तांदूळ आणि दळण्यास तयार गहू मिळू लागल्यावर त्या बायकांनी मुसळ कोपऱ्यात ठेवले असेल, तर त्यांना परंपरेचे धडे देण्याचा अधिकार दुपारच्या जेवणानंतर निबंध लिहिणाऱ्यास पोहोचत नाही. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. परिषदा झाल्या, भोजने झाली. त्या वर्षाचा खरा उपयोग टरफल काढणारे एखादे लहान यंत्र जितक्या पाड्यांवर जाऊन पोहोचले असेल तितकाच झाला, असे माझे मत आहे.

आणि भगरीलाही आंधळेपणाने सनद देऊ नये. उपवासाला आपण जी पांढरीशुभ्र भगर शिजवितो तिचा कोंडा गिरणीने इतका घासून काढलेला असतो की तंतूंच्या बाबतीत तिने तांदळाकडे फार तुच्छतेने पाहू नये. जी गुणकारी ती किंचित तपकिरी, खरबरीत, कमी सडलेली. तिचाही हा केक होतो. रात्री ती दह्यात भिजत घालावी, सकाळी जाडसर वाटावी, आणि मग केळे, सोडा, कुकर वगैरे यथापूर्व. ओट्सचा चिकटपणा तिच्यात नाही, त्यामुळे कापताना कडा थोड्या भुरभुरतात. दही सढळ असले की ती तक्रारही बरीचशी मिटते. चव अधिक मातकट आणि, माझ्या जिभेला, अधिक प्रामाणिक लागते.

तेव्हा हा पदार्थ जरूर करावा, पुरणाचाही करावा. मात्र त्याला गोड म्हणावे, आठवड्याचा एखादा वार नेमून द्यावा, आणि इतर सकाळी भाकरीला बसू द्यावे. भगरीचा करावयाचा असेल तर नंदुरबारच्या वाण्याकडे मोलगीची, न घासलेली भगर मागावी. पहिल्या खेपेस तो नाही म्हणेल. दोन-चार गिऱ्हाइकांनी पुनःपुन्हा मागितली म्हणजे तो ती घाटावरून मागवून ठेवील.