पुंगळी आणि प्रेशर कुकर

आमच्या घरात वस्तू टाकून देण्याची पद्धत नाही. म्हणजे वस्तू टाकतच नाही असं नव्हे; पण तिचे सगळे जन्म पुरे झाल्याशिवाय टाकत नाही. चादर विरली की तिची उशीची खोळ होते, खोळ फाटली की फडकं होतं, फडकं झिजलं की ते सायकल पुसायला जातं आणि तिथून मोक्ष. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मी तीस वर्षं वाण्याच्या याद्या लिहिल्या आहेत. तेव्हा काटकसरीच्या बाबतीत मला कुणी चार गोष्टी शिकवेल असं वाटलं नव्हतं; आणि तेही अमेरिकेत!

२०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे पेन्सिल्वेनियात राहायला गेलो. हिच्या गुडघ्यांना विमान मानवत नसल्यामुळे ही पुण्यातच राहिली. पहिला महिना मी कपडे धुण्याच्या यंत्राकडे बघण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. त्यांची मोटार उन्हापावसात बाहेर उभी असे आणि गॅरेजमध्ये त्यांचं टेबल थाटलेलं असे. त्यावर उसाच्या चरकाचं लहान भावंड शोभेल असं एक लोखंडी दाबयंत्र, डबे, ब्रश आणि शेकडो पितळी नळकांडी. नोव्हेंबरात ते हरणांच्या शिकारीला जात आणि त्यासाठी लागणारी काडतुसं वर्षभर घरीच भरत.

मी उत्साहाने पुण्याला फोन केला. "शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये दारू भरतात."

पलीकडे शांतता.

"आणि तुम्ही रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसता?" हिने विचारलं.

"अगं, ती दारू नव्हे. बंदुकीची."

"मग तर बसूच नका!"

हिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असला उद्योग केला तर पुढची काही वर्षं सरकारी पाहुणचारात जातील. तिथे मात्र हा लोणची घालण्यासारखा घरगुती छंद आहे. दारू किती भरायची हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कौतुक होतं ते वापरलेली वस्तू पुन्हा वापरण्याचं. त्या एका धाग्याने मी आणि तो परका म्हातारा एकदम सोयरे झालो.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टिकली (आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण), आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की गोळी जाते, दारू जळते, टिकली संपते. मागे उरते ती पुंगळी. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त यांचं पितळ. बार होताना ती फुगते आणि बंदुकीच्या नळीला आतून घट्ट चिकटून बसते, त्यामुळे तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही. थोडक्यात, आपल्या कुकरचं रबर जे काम करतं तेच. मग ती पुन्हा किंचित आकसते. तिला साफ करून, साच्यात दाबून जुन्या मापावर आणायचं आणि पुन्हा भरायचं.

पण दर वेळी फुगून आणि आकसून पितळ कडक होत जातं. हे मला नवीन नव्हतं. आमच्या तांबट आळीतले कारागीर भांडं ठोकता ठोकता मधूनच ते भट्टीत का घालतात, हे लहानपणी पाहिलेलं होतं. ठोकलेल्या धातूला अधूनमधून ऊब दिली नाही तर तो तडकतो. (हे धातूपुरतंच खरं आहे असं नाही, पण तो निराळा विषय.)

तर आजोबांचं खरं काम भरण्याचं नव्हतंच, पारखण्याचं होतं. एकेक पुंगळी भिंगाखाली फिरायची. खांद्याला पोचा आला असेल, तर साच्यात घालताना तेल जास्त लागलं होतं. हा अपराध क्षम्य, पोचा बारीक असेल तर पुढच्या बाराला आपोआप निघतो. मानेला चीर गेली, बाद. नवी टिकली बसवताना बोटाला जोर लागला नाही, म्हणजे तिची खोबण सैल झाली; बाद. आणि बुडाच्या जरा वर चकाकती रेघ दिसली, तर ते सगळ्यांत वाईट. तिथे पितळ आतून पातळ होत चाललेलं असतं आणि एखाद्या बाराला बूड वेगळं, अंग वेगळं होतं. ही तपासणी ते कशाने करत, सांगू? कागदांना लावायच्या क्लिपेने! क्लिप सरळ करायची, टोक जरासं वाकवायचं आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून फिरवायचं. खाच असेल तर टोक अडतं. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं मी क्लिपा हाताळल्या, पण एकाही क्लिपेने मला आतलं काही दाखवलं नव्हतं.

एकदा मी सुचवलं, की पुंगळ्या चकचकीत करायला भांड्यांचं पॉलिश वापरा. ते हसले. अमोनिया असलेलं पॉलिश पितळेला चालत नाही, म्हणाले, आणि हा धडा तुमच्याच देशातला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानात पावसाळाभर काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवत. बाहेर काढून बघावं तर पुंगळ्यांना आपोआप चिरा! दोष ऋतूवर ढकलून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नावही पडलं. खरं कारण कळायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ घडवताना त्याच्या अंगात राहून गेलेला ताण, असे दोन्ही एकत्र आले की चीर पडत असे.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग एका संध्याकाळी त्यांनी एक पुंगळी बाद केली, बाजूला ठेवली, पक्कड घेतली आणि तिचं तोंड चेपून सपाट केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बादच्या डब्यातली प्रत्येक पुंगळी अशीच चेपलेली आहे.

"टाकायचीच आहे तर चेपता कशाला?" मी विचारलं.

"ती बाद आहे हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण या डब्यात उद्या हात घालणाऱ्याला ते माहीत नाही."

एवढं बोलून ते पुढच्या पुंगळीकडे वळले. मी मात्र घरी आलो आणि झोपलो नाही. डोळ्यांसमोर एक प्रेशर कुकर येऊन बसला.

तो कुकर आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीतला. त्याचं बूड फुगलं होतं, झाकणाची कड वाकली होती, सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा बदलला होता. तिसऱ्यांदा त्याने तुरीचं वरण छताला अर्पण केलं. सुदैवाने ही त्या वेळी दारात भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. त्याच संध्याकाळी मी नवा कुकर आणला. आणि जुना? जुना आम्ही घासूनपुसून, नवीन रबर घालून, साडीच्या घडीसकट कामाच्या मावशींना दिवाळीला दिला. "अजून दहा वर्षं मरण नाही त्याला," हे वाक्य माझं. मावशींनी वाकून नमस्कार केला, तो मी घेतलासुद्धा.

तबेल्यात काडतुसं ठेवणाऱ्या साहेबाला चीर का पडते ते ठाऊक नव्हतं. त्याला मी माफ करतो. माझ्याजवळ ती सवलत नाही. मला सगळं माहीत होतं; छतावरचा पिवळा डाग मी रोज जेवताना बघत होतो. लहानपणी कीर्तनात नचिकेताची गोष्ट ऐकली होती. बाप यज्ञात दान म्हणून दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई देत सुटला आणि पोराला ते बघवेना. तेव्हा मला वाटायचं, काय हा बाप! पण निदान त्याच्या गाईंचा स्फोट होण्याची भीती नव्हती. काटकसर हा मोठा गुण खरा, पण वस्तूचा धोका दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात सरकवून आपली अडगळ कमी करायची आणि वर पुण्य जमा धरायचं, याला काटकसर म्हणायचं की आणखी काही?

रात्री एक वाजता मी पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा.

"मावशींचा कुकर परत घे."

"अहो, काय झालंय तुम्हाला? दिलेली वस्तू परत मागायची?"

"नवा घेऊन दे. पण तो परत घे आणि त्याच्या बुडाला भोक पाड."

"त्या आजोबांनी तुम्हाला नक्की बंदुकीचीच दाखवली ना?"

दोन दिवसांनी हिचा फोन आला. आवाज जरा निराळा होता. कुकरचं नाव काढल्यावर मावशी आधी हसल्या म्हणे, मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वहिनी, तो दुसऱ्याच दिवशी मोडीत घातला. झाकण बसवतानाच कळलं. घरात लहान पोरं, जीव धजेना. तुम्हाला नि काकांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे आमची पुंगळी मावशींनी क्लिपेशिवायच पारखली होती. वर आमच्या दानशूरपणाला पोचा येऊ नये म्हणून वर्षभर गप्प राहिल्या होत्या. त्या दिवाळीला नमस्कार नेमका कुणी कुणाला करायला हवा होता, याचा हिशेब मी अजून करतोय.

नवा कुकर त्यांच्याकडे पोचला. प्रश्न मिटला असं तुम्ही म्हणाल. ही तर म्हणालीच. पण मोडवाल्याने तो वितळवला की घासूनपुसून जुन्या बाजारात मांडला, हे कोण सांगणार? आजोबांची पक्कड वेळेवर चालली होती. माझी राहून गेली. परत आल्यापासून मोडीत काही घालण्याआधी मी त्याचा कान पिरगाळून ठेवतो. परवा तुटका टेबलफॅन वाकवताना बघून ही म्हणाली, "आता याला फाशीच द्या."

मी हसलो. पण तो पहिला कुकर माझ्या हातून सुटला तो सुटलाच. अजूनही कुणाच्या जिन्यातून जाताना आत कुकरची शिट्टी झाली, की माझा पाय आपोआप थांबतो. दुसरी होते. तिसरी होते. मग आत कुणीतरी गॅस बंद करतं आणि मी पुढची पायरी चढतो.