पहिल्या ओळीत काय लिहायचं

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रांच्या छाननी केंद्रावर बसलं की पालकांचे प्रश्न तोंडपाठ होतात. कटऑफ कितीला थांबेल? पॅकेज किती मिळतं? कॉम्प्युटर मिळेल ना? बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि जोडीचा तिसरा विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल, पण बोर्डात या रेषेच्या खाली, अशी मुलं मी समोर बसलेली पाहिली आहेत. दोन वर्षं क्लास केला, बोर्डाचं पुस्तक उघडलंच नाही. त्यांना काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही.

दाखल्यांचंही तेच. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करता येतो, आणि पडताळणी समितीकडे वेळ जातो हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. तरी धावपळ सुरू होते ती निकालानंतर.

पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पसंतीक्रमाच्या फॉर्मवर. संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली जागा मोकळी दिसेल ती देतो. म्हणजे अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. हे समजावून सांगितलं तरी भीती सुटत नाही. ‘सर, आधी खात्रीचं टाकू, मग बघू,’ असं म्हणून वडील नको असलेलं कॉलेज पहिल्या ओळीत लिहायला लावतात. ते मिळतंच, आणि तिथेच सगळं संपतं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. २०२५-२६ पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांना आणि तिसरीत पहिल्या सहांना हेच बंधन आहे. हा नियम मला योग्य वाटतो. मुलाने आधी विचार करावा, एवढंच तो मागतो.

आणि तो विचार शेजाऱ्याच्या मुलाकडून उसना आणता येत नाही. त्यासाठी कॉलेजात जावं लागतं, तेही कामाच्या दिवशी. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर मुलं हात चालवतात की त्यांच्यावर आच्छादन असतं? दुसऱ्या वर्षाला कोण शिकवतं, आणि ते शिक्षक मागच्या वर्षीही होते का? वसतिगृह, मेस, एसटीचा पास धरून घरच्या मिळकतीत हे चार वर्षं बसतं का? शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी कळते, बाकीचे आकडे माहितीपुस्तिकेत नसतात. मुलींच्या घरी तर आणखी एक गोष्ट कळायला हवी: वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या सामाजिक-शैक्षणिक मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून सरकार भरतं. ही माहिती नसल्याने खर्चाच्या धास्तीने मुलीला जवळचं, पण न आवडणारं कॉलेज घ्यायला लावणारे पालक मला अजूनही भेटतात.

शाखा निवडताना मी मुलाला एकच विचारतो: अकरावी-बारावीत कोणता धडा तू परीक्षा नसतानाही वाचलास? बरीच मुलं गप्प बसतात. काही जण चटकन सांगतात, आणि मग वडीलही खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागतात.

यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतच दाखल्यांची फाइल करावी, जवळची दोन-चार कॉलेजं मुलासोबत पाहून यावीत आणि फॉर्म भरताना पहिली ओळ मुलालाच लिहू द्यावी.