मार्जीचा देव

तेहरानमधल्या एका घरात सहा वर्षांच्या मुलीशी बोलायला रात्री देव यायचा. लांब पांढरी दाढी, पांढरा झगा, चेहरा बराचसा कार्ल मार्क्ससारखा. मुलीला मोठेपणी प्रेषित व्हायचं होतं. पुढे क्रांतीनंतरच्या राजवटीनं तिच्या लाडक्या अनूशकाकाला मृत्युदंड दिला. त्या रात्री देव आला, तेव्हा तिनं त्याला हाकलून दिलं.

‘पर्सेपोलिस’ या चित्रकथेतली ही मार्जी म्हणजे चित्रकार मार्जान सत्रापी. जन्म १९६९, इराणमधला. तेहरानच्या कलाशाळेत समोर बसलेली मॉडेल काळ्या वस्त्रात झाकलेली असे. विद्यार्थ्यांनी चुण्या तेवढ्या गिरवायच्या. नंतर फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात त्यांची ही चित्रकथा चार खंडांत आली.

इस्लाममध्ये ईश्वर निराकार. मग त्याला दाढी काढायची कशी? सत्रापींची चौकट निरखून पाहावी. देवाचा झगा म्हणजे बहुतांशी कोरा कागद. शाई लागली आहे ती भोवतीच्या अंधाराला. हा देव कसा दिसतो हे त्या सांगतच नाहीत. एका मुलीला तो कसा दिसला, एवढंच त्या सांगतात. विठोबाशी भांडणारे तुकोबा वाचलेल्या माणसाला मार्जीचा संतापही ओळखीचा वाटेल. जो नाहीच, त्याच्यावर कोण कशाला चिडेल?

व्हिन्सां पारोनो यांच्यासोबत सत्रापींनी या चित्रकथेचा हातानं रेखाटलेला अ‍ॅनिमेशनपट केला. २००७ साली कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं.

कागदावरचा देव पडद्यावर बोलू-चालू लागला आणि प्रश्न पेटला. ऑक्टोबर २०११ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, ट्युनिशियाच्या ‘नेस्मा’ वाहिनीनं हा चित्रपट तिथल्या बोलीत दाखवला. देवाच्या दृश्यावरून निदर्शनं झाली, वाहिनीच्या प्रमुखाच्या घरावर हल्ला झाला. मे २०१२ मध्ये न्यायालयानं त्याला २,४०० दिनार दंड ठोठावला. चिडलेल्यांची श्रद्धा खरी होती, यात शंका नाही. पण त्यांनी काका गमावलेल्या एका मुलीचा प्रश्न हे देवाबद्दलचं विधान मानलं. हा दंड अन्यायाचाच होता.

सत्रापी मात्र न दिसणाऱ्याला रूप देण्याच्या प्रश्नापासून दूर गेल्या नाहीत. २०११ मध्येच त्यांचा आणि पारोनो यांचा ‘चिकन विथ प्लम्स’ हा चित्रपट आला, तोही त्यांच्याच चित्रकथेवरचा. या वेळी माणसं खरीखुरी होती. मरणाची वाट पाहत अंथरुणावर पडलेल्या वादकाला त्यात मृत्युदूत अझ्राएल भेटतो. ती भूमिका एदुआर बेर या नटानं केली आहे.