दोन दृश्यांमधला निवाडा

काही वर्षांपूर्वी एका अंत्यविधीचे चित्रीकरण पाहण्याचा योग आम्हांला आला. परदेशातील नातेवाइकांसाठी ते करवून घेतलेले होते. पडद्यावर आधी शवपेटी दिसली, पाठोपाठ मृताच्या थोरल्या मुलाचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर हसू होते. त्या वेळी खोलीत कोणी काही बोलले नाही. परंतु पुढे कित्येक दिवस त्या हसण्याची कुजबूज गावात चालू राहिली. वडील गेले आणि हा हसतो! आम्ही त्या कुजबुजीत भाग घेतला नाही, पण ती थांबवलीही नाही. कारण मनातल्या मनात आमचाही निवाडा होऊन गेला होता. महिन्याभराने चित्रीकरण करणाऱ्या तरुणाने बोलता बोलता सांगितले, की ते हसू त्या दिवशी सकाळी घराच्या ओट्यावर टिपलेले होते. तीन वर्षांच्या पुतणीने आपल्या फ्रॉकच्या टोकाने काकाचे डोळे पुसले, तेव्हा तो हसला होता. संकलन करताना ते दृश्य शवपेटीनंतर जोडले गेले, एवढेच.

शवपेटी खरी होती आणि हसूही खरे होते. मग खोटे होते ते काय, आणि ते निर्माण तरी कोणी केले?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर चित्रपटाच्या इतिहासात सापडते. 1920 च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोजूखिन या नामांकित नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्याने कधी सूपच्या थाळीच्या दृश्याला, तर कधी शवपेटीच्या दृश्याला जोडले. त्याचा सहकारी पुडोव्हकिन याने लिहून ठेवले आहे, की प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. थाळीपुढे तो विचारमग्न वाटला, शवपेटीपुढे शोकाकुल. चेहरा मात्र तोच होता. भाव पडद्यावर नव्हताच. तो प्रेक्षकांनी आपल्या मनातून पुरवला होता.

लघुपटाची सारी भिस्त या पुरवण्यावर असते. ऑस्कर पारितोषिके देणारी अमेरिकेतील अकादमी श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते. एवढ्या वेळात माणसाचे बालपण, घरदार, गतायुष्य उलगडून दाखवणे शक्य नसते. म्हणून दिग्दर्शक संकेतांचा आश्रय घेतो. पात्राने चौकटीबाहेर पाहिले, की पुढील दृश्यात जे दिसेल तेच त्याने पाहिले, असे आपण धरून चालतो. दोघांचे संभाषण टिपताना कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूस ठेवला, की दोघांची दृश्ये वेगवेगळ्या दिवशी घेतलेली असली तरी ते समोरासमोर बसले आहेत यावर आपला विश्वास बसतो. उंचावरून टिपलेला माणूस दुबळा भासतो, खालून टिपलेला बलवान.

ही फसवणूक म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. 1962 साली कान महोत्सवात गौरवला गेलेला रॉबेर आंरिको यांचा लघुपट पाहावा. अँब्रोज बिअर्स यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. अमेरिकन यादवी युद्धात एका माणसाला पुलावरून फाशी दिले जात आहे. दोर तुटतो, तो नदीत पडतो, पोहत, धावत घराकडे निघतो. पत्नी हाताच्या अंतरावर येते, आणि त्याच क्षणी दोर आवळतो. ती सारी धाव मरणाच्या एका क्षणात त्याच्या मनात घडलेली असते. दिग्दर्शकाने आपल्याला चकवले खरे. पण तो चकवा त्याने स्वतःच अर्ध्या तासाच्या आत उघड केला. गावातल्या कुजबुजीला असे शेवटचे दृश्य नसते. खोटी साक्ष देण्यासाठी खोटे बोलावेच लागते असे नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून गप्प बसले तरी ती दिली जाते.

संकेत तेच, पण ते न्यायाने कसे वापरावेत, हे सत्यजित राय यांच्या 1964 सालच्या ‘टू’ या लघुपटात दिसते. त्यात एकही संवाद नाही. वर खिडकीत श्रीमंत घरातला मुलगा, खाली झोपडीजवळ गरीब मुलगा. एक बासरी वाजवतो, तर दुसरा खेळण्यातला कर्णा आणतो. गरीब मुलगा पतंग उडवतो, आणि श्रीमंत मुलगा छर्‍याच्या बंदुकीने तो फाडतो. त्या घटकेला आपला निवाडा तयार असतो. पण राय तिथे थांबत नाहीत. कॅमेरा पुन्हा त्या श्रीमंत मुलाकडे जातो. भरलेल्या घरात, यांत्रिक खेळण्यांच्या गोंगाटात तो एकटा आहे. बाहेरून बासरी पुन्हा ऐकू येते, आणि तो जागच्या जागी बसून राहतो. ज्याला आपण दोषी ठरवले, त्याच्यापाशी आणखी थोडा वेळ थांबायला दिग्दर्शकाने आपल्याला भाग पाडले. त्याचे कृत्य झाकले नाही, पण तेवढ्यावर त्याला संपवलेही नाही.

आपण कोणीही दिवसभरात माणसांची दृश्ये तुकड्यातुकड्यांनीच पाहतो. सून दारात उभी, सासू डोळे पुसते. शेजारी बँकेतून बाहेर पडतो, दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात नवी गाडी उभी राहते. मधली जोडणी आपण करतो. दिग्दर्शकाला आपल्या जोडणीचा जाब निदान समीक्षक तरी विचारतात. आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणून आपणच स्वतःला विचारावे: मधले दृश्य मी पाहिले आहे काय? पाहिले नसेल, तर ज्याने पाहिले त्याला विचारण्याचे कष्ट मी घेतले काय?

सत्य कळल्यावर आम्ही त्या थोरल्या मुलाच्या घरी गेलो. कुजबूज त्याच्या कानांवर केव्हाच गेली होती. आम्ही खंत व्यक्त केली. तो रागावला नाही. चहाचा कप आमच्यापुढे ठेवत एवढेच म्हणाला, “फादर, निदान तुम्ही तरी मला विचारायचं होतंत.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.