परदेशी भांडवल आणि गावचा तोटा

दूरच्या धनाढ्य देशांतील मनुष्य आमच्यासारख्या गरीब मुलखांत येऊन धंदा काढितो, तेव्हा त्यास उपकारकर्ता म्हणावे की लुटारू? कपाशी पेरणाऱ्या आमच्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. कोणी म्हणतात, त्याने काम दिले, एवढे पुरे. कोणी म्हणतात, तो नफ्यासाठी आला, एवढ्यानेच तो दोषी. आम्हांस ही दोन्ही मते उतावळी वाटतात.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पाहा. फिलिप्पै नगरात लुदिया ही परकी व्यापारीण होती. ती थुवतीरा गावची असून जांभळी वस्त्रे विकीत असे. तिच्या धंद्यास शास्त्र दोष देत नाही; उलट तिच्याच घरात बंधुजनांस आसरा मिळाला. त्याच नगरात एका दासीकडून भविष्य सांगवून पैसा मिळविणारे धनी होते. दासी बरी झाली याचा त्यांस आनंद झाला नाही. मिळकत बुडाली म्हणून त्यांनी पौल व सीला यांस अधिकाऱ्यांपुढे ओढीत नेले. दुसऱ्याचे हित व आपली मिळकत यांत विरोध पडला म्हणजे धनी कोणती बाजू धरितो, हीच धंद्याची खरी कसोटी होय.

आमच्या घरांवरील मंगळुरी कौले सर्वांस ठाऊक आहेत. धर्मांतरामुळे ज्यांचे पिढीजात काम सुटले त्यांस पोट भरता यावे, म्हणून बासेल मिशनने विणकाम व इतर उद्योग काढिले. १८६५ साली प्लेब्स्ट साहेबांनी मंगळुरास कौलांचा कारखाना घातला. मजुरी देणारा व उपदेश करणारा एकच असणे धोक्याचे खरे, कारण अशाने मजुराची जीभ बांधली जाते. तथापि ती विद्या परक्यांपाशीच कोंडून राहिली नाही. पुढे तेथील लोकांनीही स्वतःचे कारखाने उभारिले.

आता आपल्या शिवाराकडे वळू. २००२ साली सरकारने बीटी कपाशीस परवानगी दिली. बोंडअळीस मारणारा तो गुण अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचा, व जालन्याची महिको कंपनी तिची भागीदार. आरंभी फवारणी कमी झाली, हे नाकारणे असत्य होईल. परंतु बियाणे संकरित, म्हणून दरवर्षी नवे पाकीट घेणे भाग. आणि पाकिटाच्या किमतीतच कंपनीचे शुल्क असे, जे २०१६ साली सरकारने ४९ रुपयांवर आणिले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या गुणास जुमानेनाशी झाली व २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीची मोठी हानी झाली. शुल्क पेरणीपूर्वीच पोहोचले होते; तोट्याचा भार मात्र मुख्यत्वे शेतकऱ्यावर पडला. अळी लवकर निर्ढावू नये म्हणून कडेने लावावयाचे साधे बियाणे पुष्कळांनी लाविले नाही, हा दोष शेतकऱ्यांकडेही जातो. पण त्याचे कारण घरोघर समजावून देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य नव्हे काय?

तेव्हा परकेपणा हे पाप नव्हे, आणि नफाही पाप नव्हे. सुगीत वाटेकरी होऊन दुष्काळात अंग काढून घेणे, हे पाप होय. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा परदेशी कंपनीस लागू आहे, तशीच उचल देऊन ऊसतोडीस टोळी नेणाऱ्या आपल्याच गावच्या मुकादमासही लागू आहे.

आमच्या उपदेशक बंधूंस विनंती की, गावात कोणी नवा धंदा वा नवे बियाणे घेऊन आला, तर त्याचा कागद निरक्षर भावास मोठ्याने वाचून दाखवावा व येणाऱ्यास नम्रपणे दोन प्रश्न करावे: पीक बुडाले तर तोटा कोण सोसणार? आणि तुम्ही गेल्यावर ही विद्या आमच्या हाती राहील काय? प्रामाणिक मनुष्यास या प्रश्नांचा राग येणार नाही.